काजू, कावळे आणि रमाबाई धुरी

लालबागच्या हिराजी बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रमाबाई धुरींना काजूचं वावडं आहे. आता वावडं कुणाला नसतं म्हणा. कुणाला वांग्याचं असतं, कुणाला व्याह्यांचं असतं. पण जन्म वेंगुर्ल्याकडचा, माहेरच्या परसात काजूची झाडं, सासरची अर्धी जमीन काजूखाली, आणि वावडं कशाचं तर काजूचं. ज्या ओल्या काजूच्या उसळीसाठी चाकरमानी रजा टाकून गाव गाठतात, त्या उसळीतला डाव चुकून दुसऱ्या भाजीत फिरला तरी रमाबाईंचे ओठ भज्यांसारखे फुगायचे. लग्नातल्या फोटोत त्यांचा खालचा ओठ असा काही दिसतो, की बघणाऱ्याला वाटावं नवरी रुसली आहे. रुसली कसली, सकाळी कुणीतरी तोंड गोड करायला काजूकतली भरवली होती.

एवढ्यावर भागतं तर बरं. आंब्याचा चीक लागला की अंगावर फोड, रबराचा हातमोजा घातला की मनगटापर्यंत चट्टे. परळच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर थेंब टाकून, टोचून, तपासून सांगितलं, की आजी, काजू आणि आंबा एकाच घराण्यातले आहेत, चुलतभाऊच समजा. रमाबाईंना हे ऐकून फार समाधान वाटलं.

"म्हंजे भावकीच ती," त्या म्हणाल्या. "मगे तरास देतलीच."

त्यांचे यजमान गुणाजी धुरी. छापखान्यातून निवृत्त झालेले, आवाजाने मात्र अजून नोकरीत असलेले. गुणाजींची ख्याती एका गोष्टीसाठी, ती म्हणजे गाऱ्हाणं. मालवणी घरात कुठलंही कार्य निघालं, की एक जाणता माणूस नारळ हातात धरून देवासमोर उभा राहतो आणि खड्या आवाजात देवाला सगळं सांगतो, कोण आलंय, काय मागतोय, कुणाची इडापिडा टळू दे. प्रत्येक वाक्यानंतर तो श्वास घेतो आणि जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्याला डोकं लागत नाही. समोरचा थांबला की म्हणायचं. गुणाजींनी गणपतीला गाऱ्हाणं घातलं, पाण्याच्या पंपाला घातलं, एकदा नव्या फ्रिजलाही घातलं, आणि फ्रिजवाल्या कंपनीचा माणूससुद्धा हात जोडून व्हय म्हाराजा म्हणून गेला.

माणूस वाईट नव्हता हो. बायकोचं काजूचं दुखणं त्याला मान्य होतं. गिरगावात एका लग्नाच्या जेवणात पनीरच्या रश्शात काजू निघाला आणि रमाबाईंचा गळा बंद झाला, तेव्हा हाच माणूस टॅक्सीत रडला होता. पण त्याचं एक म्हणणं होतं आणि त्यावर तो खिळ्यासारखा पक्का होता. काजू बाधतो तो जेवणातला. प्रसादातला बाधत नाही.

"देवाच्या नावाचो असता तो," गुणाजी म्हणायचे. "चाळीस वर्सां बायल माझी सत्यनारायणाचो शिरो खाता. मूठभर काजू असतत त्यात. कधी शिंक तरी इली?"

शिंक यायची कशी? रमाबाईंनी तो शिरा कधी खाल्लाच नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला सासूबाईंनी हातावर प्रसाद ठेवला. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे कोकणात पोराला बोलायच्या आधी कळतं. नवी सून काय बोलणार. रमाबाईंनी शिरा कपाळाला लावला, तोंडापाशी नेला, चावल्यासारखं केलं आणि गॅलरीच्या दिशेनं जाता जाता पदराच्या टोकाला गाठ मारली. मग गॅलरीत कावळे होतेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. कमरेला जिथे ती गाठ टेकायची तिथे लाल पुरळ उठायचं, त्यावर त्या आमसुलाचं पाणी चोळायच्या आणि विचारणाऱ्याला सांगायच्या, घामोळं हो. पुढे पुढे हिराजी बिल्डिंगच्या कावळ्यांना पूजा कधी आहे ते भटजींच्या आधी कळू लागलं. आरती सुरू झाली की ते कठड्यावर रांगेत येऊन बसायचे.

रमाबाईंना वाटलं होतं, एकदोन वर्षांत सांगून टाकू. पण गुणाजींनी त्याचा डंका इतका पिटला की सांगायची सोय राहिली नाही. मजल्यावरचे राजाराम मधुमेहाचे, ते वाडगाभर शिरा घेऊन बसायचे आणि म्हणायचे, रमावहिनींना काजू बाधत नाही तर मला साखर काय बाधणार. रमाबाई मनात म्हणायच्या, मेल्या, मी खाल्ला असता तर तुला कळलं असतं. रात्रंदिवस त्यांना दोन गोष्टींची भीती, एक काजूची आणि दुसरी पदर सुटायची. त्यातली दुसरी मोठी होती, हे मात्र त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं.

आणि अशात त्यांच्या लेकीने, रुपालीने, आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला क्रूझचं तिकीट काढलं. मुंबईहून गोवा आणि परत. रुपाली लोअर परळच्या ऑफिसात, तिला सुट्टी नाही, म्हणून सोबत आत्याबाई, म्हणजे गुणाजींची थोरली बहीण कमल. कमलआत्या म्हणजे वावडं या प्रकारावर अजिबात विश्वास नसलेली बाई. "आमच्या वेळेक नव्हती ही नाटकां," हे तिचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध.

रुपालीने आईसाठी इंग्रजीत कार्ड छापलं, त्याला प्लास्टिक चढवलं आणि गळ्यात अडकवायला फीत लावली. काजू चालत नाही, आंब्याची साल आणि चीक चालत नाही, रबर चालत नाही. "आई, बोटीवर पाऊल टाकल्या टाकल्या किचनवाल्याला भेटायचं. लाजायचं नाही. आणि बाबांचं ऐकायचं नाही. मध्ये समुद्रात नेटवर्क नसतं, मला फोन लागणार नाही."

कार्डाचा पहिला परिणाम असा झाला, की गळ्यात कार्ड बघून अर्धी बोट रमाबाईंना कर्मचारी समजू लागली. ताई, बाथरूम कुठे, मावशी, स्विमिंगपूल किती वाजता बंद होतो. पहिल्या दिवशी त्या सांगत राहिल्या, की मी तुमच्यासारखीच. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं पाठ झालं होतं, त्या सरळ सांगू लागल्या, डावीकडे वळा, जिना उतरा, तिथेच आहे. एका सुरती कुटुंबाने त्यांच्याकडे जास्तीचे टॉवेलसुद्धा मागितले आणि रमाबाईंनी ते मिळवूनही दिले.

खोलीत शिरायची मात्र पंचाईत. वाढदिवस म्हणून बोटवाल्यांनी खोली फुग्यांनी भरलेली. म्हणजे रबर. आणि दाराला बाहेरून गुणाजींनी दादरच्या बाजारातून आणलेलं आंब्याच्या ताज्या पानांचं तोरण, फ्रिजवरच्या लोहचुंबकांनी चिकटवलेलं. कार्य म्हटलं की तोरण हवं, मग दार लोखंडी असो की समुद्रातलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रमाबाई बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या, आत कमलआत्या सेफ्टी पिनेने एकेक फुगा फोडतेय, आणि त्या आवाजाने दोन सुरक्षारक्षक धावत आलेले. तोरण काढा म्हटलं तर गुणाजी म्हणाले, "वाकून जा गो. देवळात जाताना वाकतस मां?" रमाबाई तीन दिवस स्वतःच्या खोलीत वाकून शिरल्या.

पण स्वयंपाकघरात वेगळंच घडलं. मुख्य आचारी गौतम म्हणून, लालबागच्या शेजारचा, परळचाच पोरगा, डोक्यावर उंच पांढरी टोपी. रमाबाईंनी भीत भीत कार्ड पुढे केलं. त्यांना वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "मावशी, याआधी गळा बंद झालाय कधी? किती वेळात झाला? सोबत काय औषध आहे?"

मग म्हणाला, "तुमची कढई वेगळी, डाव वेगळा, ताट वेगळं. बुफेतलं काहीच घ्यायचं नाही, लोक चमचे इकडचे तिकडे करतात. मी स्वतः आणून देणार. डॉक्टरांना आत्ता सांगून ठेवतो. इथे भर समुद्रात गळा धरला तर मी हॉस्पिटल कुठून आणू, मावशी?"

चाळीस वर्षांत रमाबाईंना असं कुणी विचारलंच नव्हतं, किती वेळात, काय औषध. जांभळी चिठ्ठी लावलेलं त्यांचं ताट आलं, की त्या आधी त्या चिठ्ठीकडेच बघत बसायच्या. कमलआत्या फणकारली, "कौतुक बघा हिचा." असू दे, रमाबाई मनात म्हणाल्या. कौतुक तर कौतुक.

परतीच्या वाटेवर गुणाजींना साक्षात्कार झाला. बोट वेंगुर्ल्यासमोरून जाणार होती. म्हणजे गावच्या देवासमोरून. म्हणजे देवाला हाक न मारता पुढे जाणं म्हणजे दारावरून जाऊन घरात न शिरणं. डेकवर गाऱ्हाणं व्हायलाच हवं, शिऱ्याचा प्रसाद व्हायलाच हवा, आणि चाळीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांसमोर गुणाजी पहिला घास रमाबाईंना स्वतःच्या हाताने भरवणार.

"ह्यांका कळांदे," ते म्हणाले, "प्रसाद कसो असता ता."

हातावर पडलेला प्रसाद पदरात जातो. तोंडात घातलेला कुठे जाणार?

रमाबाई गौतमकडे धावल्या. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नका, मी शिरा करतो ना, काजूशिवाय, तुमच्याच कढईत." रमाबाईंचा जीव भांड्यात पडला. झकास शिरा झाला, केळं घातलेला, वेलचीचा. मोठ्या परातीत तो डेकवर आला. गौतमने एक वाटीभर बाजूला काढून आत झाकून ठेवला होता, ही त्याची सवय, नेहमी थोडा जपून ठेवायचा.

परात टेबलावर ठेवून गौतम वळला मात्र, गुणाजींनी झोळीतून पुडी काढली. गावचे काजू. "काजूशिवाय शिरो म्हंजे देवाक उपाशी बसवचा," म्हणत त्यांनी मुठीने काजू पेरले आणि हाताने कालवले, अगदी कोपरापर्यंत मन लावून. रमाबाई हे चार पावलांवरून बघत होत्या.

डेकवर ही गर्दी. दादरचे, पार्ल्याचे, ते सुरती कुटुंब, झाडून सगळे. उदबत्ती आणि कापूर बंदरावरच्या तपासणीत जप्त झाले होते, नारळ तेवढा वाचला होता. गुणाजींनी नारळ उचलला, छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात स्विमिंगपूलचा काठ पुसणारा कर्मचारी म्हणाला, "काका, किनारा त्या बाजूला. ही बाजू अरबस्तानची." सगळी गर्दी मागे वळली, परात फिरवली, टेबल फिरवलं, आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा, गावच्या राखणदारा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

बोटीच्या कप्तानाला सुखी ठेव. इंजिनाला सुखी ठेव. जो कोण वाकडो जाईत तेका सरळ कर. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. सुरती मंडळींना तर ठेकाच सापडला, ती सगळ्यांत जोरात. शेवटी गुणाजींनी नारळ ठेवला, परातीतून शिऱ्याचा घास घेतला. त्याच्या टोकावर अख्खा काजू बसलेला. घास रमाबाईंच्या तोंडासमोर आला. शंभरेक माणसांनी फोन वर धरले.

आता करायचं काय? तोंड उघडावं तर गळा बंद. नाही म्हणावं तर चाळीस वर्षांचं खोटं उघडं, आणि ज्याच्या आवाजावर अख्खी चाळ मान डोलावते त्या माणसाचं शंभर जणांत हसू. रमाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती खूश होता तो. त्या क्षणी त्यांना त्याचा राग आला, खूप राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणा पुरा झाला नाय. एक रवला."

आणि त्यांनी पदराने धरून परातीजवळचा नारळ उचलला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं कमलआत्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण रमाबाईंनी सुरू केलं होतं.

"बा देवा, गावच्या राखणदारा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," गर्दी सवयीने म्हणाली.

"चाळीस वर्सां झाली, तुझी ही लेक धुरींच्या घराक इली…"

"व्हय म्हाराजा."

"दर वर्सा तुझो प्रसाद माझ्या हातार पडलो, पण तोंडात कधी गेलो नाय…"

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज कमलआत्याचा. म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो.

"मिया तो पदरात बांधलो, नि गॅलरीतल्या कावळ्यांक घातलो…"

"व्हय म्हाराजा." आवाज जरा विरळ.

"माझ्या घोवाक वाटला, प्रसाद बाधणा नाय. मिया गप रवलंय. देवाक फसवलंय, घोवाक फसवलंय. ती चूक माझी…"

"व्हय म्हाराजा." आता फक्त सुरती कुटुंब म्हणत होतं, मनापासून.

"पण काजू तुझ्या नावाचो असो, नायतर वाण्याकडचो असो, तो माझो गळो धरता. माका जगूचा असा. माझ्या घोवाच्या हातातलो ह्यो घास तूच माघारी घे रे म्हाराजा."

कुणीच काही म्हणालं नाही. सुरती मंडळीसुद्धा गप्प. सगळे गुणाजींकडे बघत होते. व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, हे त्या गर्दीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गुणाजी हातातल्या घासाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ते ज्या गोष्टीच्या जोरावर ताठ मानेने बोलले होते, ती गोष्ट कावळ्यांनी खाल्ली होती.

"व्हय म्हाराजा," ते अगदी हळू म्हणाले.

तेवढ्यात वरून एक समुद्रपक्षी झपकन खाली आला आणि त्यांच्या बोटांतला घास काजूसकट घेऊन गेला. कावळे नव्हते म्हणून देवाने जे हाताशी होतं ते पाठवलं, असं पुढे कमलआत्या लालबागभर सांगत सुटली, आणि तिने वावड्याला नाटक म्हणणंही सोडलं. पण ते पुढचं.

गुणाजींनी कुणाकडे न बघता विचारलं, "साबण खंय असा?"

गौतम तोपर्यंत गडबड ऐकून धावत आला होता. पुडी बघून त्याने रमाबाईंना आधी दूर खुर्चीवर बसवलं आणि परात उचलून नेली. गुणाजी नळापाशी गेले. त्यांनी हात धुतले, मनगटं धुतली, नखं धुतली, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. रांगेत उभी असलेली माणसं कंटाळून दुसऱ्या नळाला गेली. सदऱ्याच्या बाहीला शिरा लागलेला दिसला तसा त्यांनी सदराही काढला आणि साठीपलीकडचा हा गृहस्थ गंजीवर डेकवरून चालत बायकोसमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले.

"वास घे," ते म्हणाले. "रवला काय बघ."

रमाबाईंनी वास घेतला. नुसता साबणाचा होता.

गुणाजी शेजारच्या खुर्चीत बसले. तोंड समुद्राकडे, तेही अरबस्तानच्या बाजूला.

"कावळ्यांक ठावक होता," ते म्हणाले. "चाळीस वर्सां. आणि माका नाय."

"तुमी कधी विचारलात नाय," रमाबाई म्हणाल्या. "आणि मिया सांगलंय नाय."

गौतमने आत झाकून ठेवलेली वाटी आणली, जांभळी चिठ्ठी लावलेली. गुणाजींनी ती हातात घेतली, पण लगेच घास केला नाही. आधी गौतमला विचारलं, ह्या वाटीत काजू नाही ना, डाव वेगळा होता ना, कढई वेगळी होती ना. तिन्हींची उत्तरं ऐकून घेतली. मग घास पुढे केला.

रमाबाईंचा हात सवयीने पदराच्या टोकाकडे गेला होता. त्यांनी तो सोडला आणि तोंड उघडलं. धुरींच्या घरात आल्यापासून खाल्लेला हा त्यांचा पहिला प्रसाद. साखर जरा कमी होती, असं त्यांनी घरी आल्यावर रुपालीला सांगितलं.